केमिस्ट्रीच्या पुस्तकात जेवण दिसतं त्याचं काय करायचं : माझ्या खाऊच्या वहीतल्या नोंदी

२१ डिसेंबर, रविवार

परवा येळवस (वेळ अमावस्या) झाली. शेतात कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि पोट गच्च भरून रात्रीच्या बसनं परत लातूर. आज सकाळी बारावीचा पहिला धडा, सॉलिड स्टेट, रिव्हिजनला घेतला आणि पानावर गोळ्यांचे थर काढलेले दिसले की डोळ्यासमोर उंड्यांची टोपली आली, एकावर एक रचलेले, वरून पांढरं कापड, आणि मी त्यातला कोपऱ्यातला एक उचलणार तेवढ्यात बघितलं तर वीस मिनिटं गेलेली.

हे रोजचंच आहे. फिजिक्सला होत नाही, बायोला कमी होतं, केमिस्ट्रीला हमखास होतं. बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर आलीय म्हणून आजपासून एक वही केली (४० रुपये). नियम असा की खाण्याचं काही दिसलं की वेळ लिहायची, पदार्थ लिहायचा, आणि पुस्तकातल्या कुठल्या ओळीवर दिसला ते लिहायचं. त्यातलं जे करून बघण्यासारखं असेल ते रविवारी मावशीच्या स्वयंपाकघरात करून बघायचं. रूमवर आम्ही चौघी आहोत, छोटी शेगडी आहे पण तिच्यावर चहा आणि दूध एवढंच.

२३ डिसेंबर

दोन दिवसांत ३४ नोंदी झाल्या. त्यातल्या २७ रात्री साडेदहानंतरच्या. मेसचं जेवण साडेसातला होतं, मी साडेबारापर्यंत बसते, म्हणजे निम्मा प्रश्न केमिस्ट्रीचा नाही, सरळ भुकेचा आहे. हे आधी लिहून काढलं असतं तर कॉलेज सुरू झाल्यापासूनच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

उपाय म्हणून काल चिवड्याचं पाकीट आणलं (६० रुपये) आणि पुस्तकाशेजारी ठेवलं. हा उपाय फसला. हात सारखा पाकिटात, पानांना तेलाचे डाग, आणि अकरा वाजता जी झोप आली ती सकाळी सहालाच उघडली. आजपासून बरोबर दहा वाजता मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, पुस्तक बंद करून, खिडकीत उभं राहून खायचा. तुम्ही असलं काही करणार असाल तर आधी हेच करा, बाकी सगळं नंतर.

२८ डिसेंबर, रविवार

केमिकल कायनेटिक्स वाचताना दही दिसत होतं. दगडासारखं घट्ट, वाटी उलटी केली तरी पडणार नाही असलं, त्यावर साखर, आणि चमचा घातला की कडेनं पाणी सुटतंय. पुस्तकात लिहिलंय तापमान वाढलं की रिअॅक्शनचा वेग वाढतो, साधारण दहा अंशाला दुप्पट, म्हणून बुधवारी रूमवर अर्धा लिटर दूध (३० रुपये) उकळून गरम असतानाच विरजण घातलं, वाटलं दोन तासात लागेल. सकाळी बघते तर पातळ दूधच, वर वेगळाच वास. फेकून दिलं.

गुरुवारी दुसरं अर्धा लिटर. या वेळी पूर्ण थंड करून विरजण लावलं आणि स्टीलची वाटी फरशीवर ठेवली. सध्या रात्री इथे चांगलीच थंडी आहे, सकाळी सातला अजून दूधच होतं, दुपारी दोनला कसंबसं लागलं, म्हणजे सोळा तास.

शनिवारी आजीला फोन केला. ती म्हणाली, "बोट बुडवल्यावर चटका बसू नये पण ऊब लागावी एवढंच कोमट घ्यावं, आणि गोधडीत गुंडाळून ठेव की गं." तसं केलं, नऊ तासात लागलं आणि वाटी खरंच उलटी करून दाखवली रूममेट्सना.

चूक अशी होती की वेग वाढण्याचा नियम मी जिवंत विरजणालाही तसाच लावला. विरजणातलं काम जिवाणूंच्या एन्झाइमकडून होतं आणि ती उकळत्या दुधात बिघडतात, मग वेग कुठला वाढणार. आमच्या पुस्तकात कॅटॅलिस्ट एका धड्यात आहे आणि एन्झाइम दुसऱ्या धड्यात, दोन्ही एकत्र मी आज पहिल्यांदा बघितले. तीन लॉटचे ९० रुपये गेले, पण अर्‍हेनियसच्या (तापमान आणि वेगाच्या) आलेखावरचा प्रश्न आता मला पाठ करावा लागत नाही.

३० डिसेंबर

सोल्युशन्स. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा दिसल्या, मीठ घातलेल्या पाण्यातल्या, सालातून खारट पाणी बोटावर येतं तशा. रूममेट म्हणाली मिठानं पाणी जास्त तापतं म्हणून शेंगा लवकर शिजतात. लगेच गणित केलं. एक किलो पाण्यात २९ ग्रॅम मीठ म्हणजे अर्धा मोल, त्याचे आयन होतात दोन म्हणून दुप्पट, गुणिले ०.५२ (एक किलो पाण्यात एक मोल कण गेले की उकळबिंदू इतके अंश चढतो), उत्तर जवळजवळ ०.५२ अंश. म्हणजे जवळपास समुद्राइतकं खारट पाणी केलं तरी अर्धाच अंश वाढणार, त्यानं शिजायला काही फरक पडत नाही, मीठ चवीसाठीच. (नंतरची भर) यावर आलेला प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या टेस्टमध्ये पूर्ण सुटला. पण या अर्ध्या अंशानं पुढे माझं नुकसान केलं, ते ११ तारखेला लिहिलंय.

२ जानेवारी

आज मसाल्याच्या पुड्या. अल्कोहोल-फिनॉल-ईथर आणि अल्डिहाइड-किटोन हे दोन धडे मला कधीच वेगळे ठेवता आले नाहीत. या धड्यांवर बसलं की मला मसालेभात दिसतो, वरून तूप, बाजूला मठ्ठा, आणि वाफेत लवंग-दालचिनी. तर म्हणलं दिसतोय तर त्यातलाच एकेक वास घेऊ. किराणा दुकानातून दालचिनी, लवंग, ओवा, बडीशेप, आणि व्हॅनिला इसेन्सची छोटी बाटली आणली, सगळं मिळून ८५ रुपये. कागदाच्या पुड्या केल्या, वर फक्त नंबर, आत चिठ्ठी.

दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, लवंगेत युजेनॉल म्हणजे फिनॉल, ओव्यात थायमॉल तेही फिनॉल, बडीशेपेत अ‍ॅनेथोल म्हणजे ईथर, आणि व्हॅनिलिनच्या एकाच रिंगवर अल्डिहाइड, फिनॉल आणि ईथर तिन्ही. डोळे मिटून पुडी उचलायची, वास घ्यायचा, रचना काढायची.

पहिल्या दिवशी दोन चुका झाल्या. पुड्या एकाच डब्यात ठेवल्या, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना लवंगेचाच वास. आता वेगवेगळ्या झाकणाच्या डब्या घेतल्या. दुसरं म्हणजे लागोपाठ पाच वास घेतले की नाक काम करत नाही, मधे दहा मिनिटं जाऊ द्यावी लागतात, त्या दहा मिनिटांत एक रिअ‍ॅक्शन लिहायची.

अल्डिहाइड ओळखायच्या टॉलेन्सच्या टेस्टला नळीत चांदी चढते तिथे मला काजूकतलीवरचा वर्ख दिसतो आणि तसल्याच फेहलिंगच्या टेस्टमधल्या विटकरी साक्याला (तळाला बसणाऱ्या गाळाला) शेंगदाण्याची लाल चटणी. हे चाललं. बेंझाल्डिहाइडला वर्ख लागतो पण चटणी मिळत नाही, एवढं वाक्य लिहून ठेवलं आणि ते आजवर विसरलं नाही.

६ जानेवारी

आज प्रॅक्टिकलला मोठी चूक. दिलेल्या सॉल्टमधे कुठला धातू आहे ते ओळखायचं असतं. सॉल्ट अ‍ॅनालिसिसमधे प्रत्येक साक्याला मी मागच्या आठवड्यात एक पदार्थ दिला होता. निकेलला डीएमजी (निकेल ओळखायचं रसायन) टाकल्यावर लालभडक येतं ते बिटाची कोशिंबीर, फेरिक हायड्रॉक्साइड म्हणजे येसर आमटीचा दाट रंग, अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा चिकट साका म्हणजे खरवस. वही फार सुंदर दिसत होती, मी रंगीत पेन्सिली वापरल्या होत्या, एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

आज सॉल्टमधे झिंक होतं. पांढरा साका आला, मनात आलं खरवस, आणि मी अ‍ॅल्युमिनियम लिहून मोकळी. मॅडमनी विचारलं कुठल्या ग्रुपला (कशानं साका बसतो त्यावरून पाडलेल्या गटांपैकी) आला, तर मला सांगता येईना, कारण माझ्या डोक्यात पदार्थ होता, ग्रुप नव्हताच. अ‍ॅल्युमिनियम थ्री-एला बसतो, अमोनियम क्लोराइड घालून मग अमोनियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर, आणि झिंक त्याच्या पुढे थ्री-बीला, हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर. दोन्ही पांढरे. दोन तास आणि एक सॉल्ट वाया.

रूमवर येऊन ते पान पूर्ण खोडलं. नवीन पानावर रंग नाही लिहिला, कृती लिहिली. खरवस का बसतो तर चिकाच्या दुधाला वाफ दिली म्हणून, पनीर का तर लिंबू पिळलं म्हणून, दही का तर विरजण लावलं म्हणून, तिन्ही पांढरेच पण बसवणारी गोष्ट वेगळी. तसंच ग्रुपचं. आता प्रत्येक साक्यापुढे "कशानं बसला" एवढा एकच रकाना आहे. जे कुणी अशी वही करतील त्यांना कळकळीनं सांगते, नुसत्या रंगावरून पदार्थ जोडू नका, काय केल्यावर काय झालं त्यावरून जोडा, त्यात मार्क जात नाहीत.

११ जानेवारी, रविवार

मावशीकडे तिळगुळाचा पाक. सोल्युशन्समधला बॉइलिंग पॉइंटचा भाग वाचताना गेले पंधरा दिवस मला हाच पाक दिसतोय, कढईत मोठे मंद बुडबुडे, गुळाचा वास घरभर, आणि मावशी म्हणतेय हात लावू नकोस. म्हणून यात तापमान मोजायचंच असं ठरवलं होतं.

दुकानातून १५० रुपयांचा लाल रंगाचा काचेचा थर्मामीटर आणला, ११० अंशापर्यंतचा. मी आधी हिशेब केला होता की मिठाच्या पाण्यात अर्धा अंश वाढतो तर गुळाच्या पाण्यात फार तर चार-पाच वाढेल, ११० म्हणजे भरपूर झालं. अर्धा किलो गूळ (३५ रुपये), अर्धी वाटी पाणी, दोन चमचे तूप. पाणी आटत गेलं तसा पारा, म्हणजे लाल रेघ, १०४, १०७, ११० आणि तिथे थांबली. पाक अजून पातळच होता म्हणून मी ठेवला तसाच. दोन-तीन मिनिटांत टक्क असा आवाज आला, खालचा फुगा फुटला आणि लाल पाणी पाकात.

मावशीनं गॅस बंद केला. तिनं मला काही म्हणलं नाही, फक्त कढई लांब सरकवली. काच आहे म्हटल्यावर सगळा पाक टाकून दिला, गूळ टाकताना दोघींनाही वाईट वाटलं. कढई चार पाण्यानं धुतली, जुन्या फडक्यानं पुसली आणि ते फडकंही टाकलं. तीळ भाजून वेगळे ठेवले होते ते वाचले.

कारण रात्री वहीत नीट लिहिलं. ०.५२ चं सूत्र पातळ द्रावणाचं आहे. पाक म्हणजे शेवटी शेवटी पाणी अगदी थोडं आणि साखरच साखर, तिथे ते सूत्र लागूच होत नाही. लाडवाचा पाक होईपर्यंत तापमान ११५ ते १२० च्या घरात जातं. पुस्तकात "पातळ द्रावणासाठी" असे दोन शब्द सूत्राच्या वरच छापलेत, मी ते अधोरेखितसुद्धा केले होते.

आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "काचेची कांडी कशाला लागती, थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बघ की."

१३ जानेवारी, भोगी

संध्याकाळी परत मावशीकडे, दुसरा पाक. या वेळी चिक्कीचा गूळ घेतला (४५ रुपये), तीळ ११० रुपयांचे, शेंगदाणे ४० रुपयांचे. थर्मामीटर नाही. वाटीत थंड पाणी आणि दर मिनिटाला एक थेंब. पहिले चार थेंब पाण्यात विरघळून गेले, पाचवा तळाला पसरला, सातव्याची बोटांत मऊ गोळी झाली, तिथे गॅस बंद. एकूण ११ मिनिटं.

लाडू पटापट वळावे लागतात, पाक थांबत नाही. मी एकटी असते तर निम्मे कढईतच घट्ट झाले असते. हाताला तूप लावून मावशी, मी आणि मावसभाऊ तिघांनी वळले, ५४ झाले. मावसभावानं चार तिथेच संपवले, राहिले ५०.

याच वेळी इन्व्हर्ट शुगर (सुक्रोज तुटून झालेलं ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण) कळली. साखरेचा पाक चुकला की परत दाणेदार होतो, गुळाचा तितका होत नाही, कारण गुळात सुक्रोजबरोबर थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज आधीच असतं आणि ते सुक्रोजच्या कणांना एका रांगेत बसू देत नाही. साखरेच्या पाकात आई लिंबू का पिळते तेही यातच आलं, आम्ल सुक्रोज तोडतं. सुक्रोजचं रोटेशन (ध्रुवित प्रकाश किती वळतो ते) अधिक ६६.५ अंश आणि तोडल्यावर मिश्रणाचं उणे, कारण फ्रुक्टोजचं उणे ९२.४ जोरात ओढतं. बायोमॉलिक्यूल्सचा हा पॅरा मी तीनदा वाचला होता आणि तीनदा त्यात बुंदीचे लाडू दिसले होते. बुंदीचे लाडू बरोबरच दिसत होते, मीच पुढे विचार करत नव्हते.

मग उरलेलं काम, २१ डिसेंबरची उंड्यांची टोपली. मावशीचा चौकोनी डबा आतून १२ सेंटिमीटर, उंची १०, लाडू साधारण ३ सेंटिमीटरचे. पुस्तक म्हणतं साध्या घनाकृती रचनेत ५२ टक्के जागा भरते आणि दाट रचनेत ७४ टक्के, म्हणून मला वाटलं खळग्यात बसवले तर दीडपट बसतील. थरात चौकोनी मांडले तर १६, त्रिकोणी मांडले तर १४च. एकावर एक तीन थर, ४८ झाले. खालच्या चार लाडवांच्या खळग्यात वरचा एक अशी रचना केली तर १६, ९, १६, ९, म्हणजे ५०. फक्त दोन जास्त! डब्याच्या भिंतींपाशी जागा वाया जाते, स्फटिकाला भिंती जवळजवळ नसतातच, तो करोडो थरांचा असतो. पाऊण तास गेला आणि एक लाडू चेपला, पण सगळे पन्नास एका डब्यात बसले आणि झाकण लागलं. कोऑर्डिनेशन नंबर (एका गोळ्याला चिकटलेले शेजारी) १२ कुठून येतो ते मी बोटांनी मोजलंय आता.

१४ जानेवारी

संक्रांत. अभ्यास दोन तास, नोंदी शून्य, लाडू सहा.

१८ जानेवारी, रविवार

गावाकडून काका हुरडा घेऊन आले (मी ५० रुपये दिले, त्यांनी घेतले नाहीत, मावशीनं घ्यायला लावले). पॉलिसॅकराइड वाचताना मला आगटी दिसते, निखाऱ्यातून काढलेलं कणीस, हातावर चोळून, फुंकर मारून, सोबत शेंगदाण्याची चटणी. हुरडा गोड लागतो आणि वाळलेली ज्वारी नाही, कारण कोवळ्या दाण्यात साखर जास्त असते, पुढे तिचा स्टार्च होतो. हे आयोडीननं दाखवायचं ठरवलं. जखमेवर लावायचं आयोडीन ४५ रुपये, पाण्यात पातळ केलं, एका ताटलीत ठेचलेला हुरडा, दुसरीत भिजवून ठेचलेली जुनी ज्वारी.

दोन्ही निळेकाळे झाले, सारखेच. परत केलं, अजून पातळ करून केलं, दोन तास घालवले, फरक दिसेना. हुरड्यातसुद्धा भरपूर स्टार्च तयार झालेला असतो, आयोडीन "आहे" एवढंच सांगतं, किती ते डोळ्यांना कळत नाही. मी चुकीच्या गोष्टीची टेस्ट घेत होते, साखरेची घ्यायला हवी होती. (आयोडीन लावलेलं काही खाऊ नका, ताटल्याही वेगळ्या ठेवा.)

(नंतरची भर) मंगळवारी मॅडमना विचारून कॉलेजच्या लॅबमधे साखर ओळखायच्या बेनेडिक्टच्या टेस्टनं केलं. हुरड्याच्या पाण्याला हिरवट पिवळा रंग आला, जुन्या ज्वारीचं निळंच राहिलं. मॅडमनी ती नळी दुसऱ्या बॅचलाही दाखवली. मला फार आनंद झाला.

२२ जानेवारी

टायट्रेशन. ब्युरेटमधे परमँगनेट बघितलं की जांभळाचा रस आठवतो, ते काही थांबत नाही. पण लॅबमधे आता वेगळी चौकट पाळते, दारात शिरताना खाणं बाहेर, तोंडाला हात नाही, नोंद फक्त घरी.

पहिलं रीडिंग १०.४ आलं, बाकीचे दोन ९.८. पहिल्यात मी पिकलेल्या डाळिंबाचा रंग येईपर्यंत थांबले होते. एंड पॉइंट कच्च्या डाळिंबाच्या दाण्याचा आहे, फिकट गुलाबी, हलवल्यावर टिकणारा, तेवढाच. आणि परमँगनेट गडद असल्यानं वरची कड वाचायची, हेही मी एकदा चुकले.

ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ६० ते ७० अंशाला गरम करून घेतो, तरी पहिला थेंब पडला की रंग जायला वेळ लावतो, नंतरचे थेंब पटापट रंगहीन होतात. इथे पंगत दिसली. पानं वाढलीत, कुणीच पहिला घास उचलत नाही, एकानं उचलला की सगळी पंगत सुरू. तयार झालेलं मँगनीज आयनच पुढची रिअ‍ॅक्शन वेगानं करतं, ऑटोकॅटॅलिसिस. ही जोडणी कृतीची आहे, रंगाची नाही, म्हणून ठेवली. मॅडमनी व्हायव्हात हेच विचारलं आणि मी पंगत न सांगता नीट उत्तर दिलं.

२७ जानेवारी

दुसऱ्या प्रिलिमचे पेपर मिळाले. केमिस्ट्री ७० पैकी ४६, डिसेंबरात ३१ होते. गेलेले मार्क बघितले तर कोऑर्डिनेशन कंपाउंड्स आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत जास्त गेलेत. त्या दोन धड्यांची वहीत एकेकच नोंद आहे, तिथे मला काही दिसतच नाही. ते साध्या पद्धतीनं, लिहून लिहूनच करावे लागणार, जबरदस्तीनं पदार्थ शोधण्यात मी परवा पाऊण तास घालवला, त्यातून काही निघालं नाही.

रात्रीच्या नोंदी आता दिवसाला चार-पाच. खर्च एकूण ७५० रुपये, त्यात थर्मामीटर, गूळ आणि पहिलं दूध मिळून २१५ सरळ वाया गेले.

१ फेब्रुवारी, रविवार

प्रॅक्टिकल झाली. सॉल्टमधे पांढरा साका आला आणि मी आधी "कशानं बसला" लिहिलं, मग नाव. अ‍ॅल्युमिनियम होतं.

परत आले तर आईनं बसमधून डबा पाठवलेला. चिकाचा खरवस, वर वेलदोडा.